जुनी २६०ई रोज चालवायची आहे: आधी दुरुस्ती की आधी मॉडिफिकेशन?

जुनी_चाकं

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेली गाडी अखेर दारात आली. १९९० सालची मर्सिडीज २६०ई. बॉडी डब्ल्यू१२४, इंजिन एम१०३ म्हणजे २.६ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल, चार गिअरचा ऑटोमॅटिक. मला ती कव्हर घालून जपून ठेवायची नाहीये. ऊन असो, पाऊस असो, रोज हीच न्यायची आहे.

चालते, पण तक्रारी आहेत. सकाळी सुरू केली की आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, वरखाली होतं. एबीएसचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. खड्ड्यात गेली की मागून ‘ठक्’. दिवे मिणमिणते. एसी नुसता वारा देतो.

माझ्या मनात आहे ते असं: कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच) टाकून गाडी थोडी खाली घ्यायची, १८ इंची व्हील्स, हेडलाइटला एलईडी बल्ब, जमलं तर एक्झॉस्ट. सुरुवात कुठून करू? बजेट आहे, पण अथांग नाही.

लो_प्रोफाईल

अभिनंदन! १२४ खाली बसली की काय दिसते राव. १८ इंची आणि वर दोन बोटं गॅप. बाकीचं होत राहील.

पाना_सतरा

बाकीचं आपोआप होत नसतं. आधी गाडी वर घ्या आणि खालून बघा.

दाराखालच्या सिलवर जॅक लावायच्या जागा आहेत, त्यांना प्लास्टिकची झाकणं असतात. ती काढा, आत टॉर्च मारा, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. १९८९च्या फेसलिफ्टनंतर दारांच्या खालच्या भागावर रुंद प्लास्टिकचं आवरण आलं. डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्या नावावरून लोक त्याला साक्को पॅनेल म्हणतात. दिसायला देखणं, पण मागे माती आणि ओल साठते आणि बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या काचेची खालची कड याही जागा बघा. स्प्रिंगची बैठक गंजलेली निघाली तर तुमची यादी फाडून टाका, आधी पत्राकाम.

मग ब्रेक. इतक्या जुन्या गाडीचे ब्रेकचे रबरी पाइप बाहेरून धडधाकट आणि आतून फुगलेले असू शकतात. पेडलवरचा पाय काढला तरी तेल परत येत नाही, चाक धरून राहतं, आणि लोक बिचाऱ्या कॅलिपरला दोष देतात. चारही पाइप बदला. सगळं तेल काढून डॉट ४ दर्जाचं ब्रेकचं तेल भरा. हे तेल हवेतली ओल पितं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी बदलायचं.

टायरवर जाड नक्षी दिसली म्हणून खूश होऊ नका, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर २०१८चा तेविसावा आठवडा.

कूलिंगमध्ये रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या तोंडाला केसासारखी चीर आहे का ते बघा. ते तोंड ऐन ट्रॅफिकमध्ये तुटतं आणि इंजिनचं हेड घेऊन जातं. नवीन होस, ८७ अंशांचा थर्मोस्टॅट, डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला ताजा कूलंट. पंख्याचा व्हिस्कस क्लचही तपासा. कडक गरम इंजिन बंद केल्यावर पंखा मोकळा भिरभिरत राहिला तर क्लच गेला.

आता कॉइलओव्हर. १२४ला पुढे काय नि मागे काय, स्प्रिंग वेगळी आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळा. पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते आणि भार थेट बॉडीला देते. स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या, वरच्या माउंटिंगवर गाडीचं वजन येतच नाही, ती जागा त्यासाठी बनवलेली नाही. तिथे तुम्ही सगळं वजन आणून ठेवणार? शॉक ताजे, स्प्रिंग मूळ मापाच्या, आणि उंची थोडी बदलायचीच असेल तर स्प्रिंगच्या वरचं रबरी पॅड बदला. एक उंचवट्यापासून चार उंचवट्यांपर्यंत वेगवेगळ्या जाडीची पॅडं मिळतात, डावं-उजवं समतोल करायलाही तीच वापरतात.

मॉडिफाय म्हणजे चांगल्या गाडीत आपल्याला हवा तसा बदल. ही गाडी आज चांगली आहे का, हेच आपल्याला माहीत नाही.

ओहमकार

पानासाहेब खालून बघतायत, मी वरून बघतो.

एबीएसचा दिवा आणि आयडलिंग या दोन वेगळ्या तक्रारी समजू नका. या गाडीत एबीएसच्या आणि इंधनाच्या कंट्रोल युनिटला वीज देणारा एकच रिले आहे, ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन. बॅटरीच्या मागच्या कप्प्यात, डोक्यावर १० अँपिअरचा फ्यूज असलेला डबा. वर्षानुवर्षं तापून-निवून आतल्या सोल्डरला बारीक तडे जातात. मग तो कधी वीज देतो, कधी नाही. दिवा मनाला येईल तेव्हा लागतो म्हणालात ना, ते मन बहुतेक याचंच.

आधी फ्यूज बघा. मग इंजिन चालू ठेवून रिलेला बोटाने हलकी टिचकी मारा. दिवा बदलला किंवा इंजिनाचा सूर बदलला तर चोर सापडला. नवीन टाकणं उत्तम. हात बसलेला असेल तर उघडून सोल्डर पुन्हा करता येतं. पण वायरचा तुकडा लावून रिले बायपास करू नका. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज उसळलं तर कंट्रोल युनिट वाचवायलाच तो तिथे आहे.

उघडलंच आहे तर पेट्रोल पंपाचा रिलेही बघून घ्या. तोच आजार. गरम गाडी बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, या कहाणीत पुष्कळदा तोच असतो.

सरळरेषा

नाउमेद करायचं नाही, पण प्रामाणिक प्रश्न. पस्तिशी गाठलेली गाडी रोज कशासाठी? एवढ्या पैशात नवी छोटी गाडी येईल, वॉरंटीसकट. सुरक्षिततेत तर तुलनाच नाही.

मंदगती

सरळरेषा, सुरक्षिततेबद्दल तुमचं खरं आहे, वाद घालणार नाही. आजच्या गाडीतल्या एअरबॅग आणि स्थिरता राखणाऱ्या यंत्रणा हिच्यात नाहीत आणि नंतर बसवता येत नाहीत. घरात एकच गाडी असेल आणि रोज वेळेवर पोचलंच पाहिजे असं काम असेल, तर मीही नवीच घ्या म्हणेन.

पण ‘रोज’ या शब्दाला घाबरायचं कारण नाही. माझ्याकडे २५०डी आहे, तीच बॉडी, पाच सिलिंडर डिझेल. उभ्या ठेवलेल्या १२४ची दशा मी पाहिली आहे. सील सुकतात, टाकीत गंज धरतो, ब्रेक चिकटतात. रोज फिरणाऱ्या गाडीची बारीकसारीक तक्रार तिथल्या तिथे कळते.

अवांतर: आमच्या डिझेलचं इंजिन व्हॅक्यूमवर बंद होतं. नळी गळायला लागली की किल्ली काढून हातात घेतली तरी गाडी चालूच. शेजाऱ्यांना वाटतं आमचं तिच्यावरचं प्रेम फार.

जुनी_चाकं

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

खालून पाहिलं. स्प्रिंगच्या बैठका ठणठणीत. उजव्या मागच्या जॅक पॉइंटला भोक निघालं. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घेतला, आत मेणाचं गंजरोधक फवारलं. ब्रेकचे पाइप आणि तेल झालं. टायर नवे घ्यावेच लागणार, आकडे वाचून धक्काच बसला.

ओहमकार, टिचकीने दिवा विझला! रिले बदलला, एबीएसचा दिवा गेला तो गेलाच. आयडलिंग सुधारलं, पण पूर्ण नाही. थंड इंजिनला अजून हेलकावे देतं. एका गॅरेजमध्ये म्हणाले, मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवून देतो, पाच मिनिटांचं काम. करू देऊ का?

पाना_सतरा

नाही. नाही. आणि नाही.

या इंजिनाला बॉशचं केई-जेट्रॉनिक आहे. हवा आत येताना एक गोल तबकडी उचलते, तबकडीचा दांडा इंधन वितरकातला प्लंजर वर ढकलतो आणि त्या प्रमाणात सहाही इंजेक्टरना पेट्रोल जातं. मूळ काम असं यांत्रिक. त्यावर बारीक सुधारणा करतो तो वितरकाच्या अंगावरचा विजेचा ॲक्चुएटर. तेव्हा तबकडीला वळसा घालून कुठूनही हवा आत शिरली की हिशोब चुकला: हवा जास्त, पेट्रोल कमी. स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं तर थंडीत बरं वाटेल, गरम झाल्यावर काळा धूर आणि खर्च वाढेल. वर हवा शिरतेय ती शिरतेच आहे.

हवा कुठून शिरते, तर इंजेक्टरच्या भोवतीची रबरी सील कडक होऊन आकसतात. तबकडीखालचं मोठं रबरी बूट चिरतं आणि ते दिसतही नाही, कारण वरचा सगळा डोलारा उचलल्याशिवाय तिथे नजर पोचत नाही. आयडलिंग व्हॉल्व्हचे होस तडकतात. ब्रेक बूस्टरची आणि गिअरबॉक्सची व्हॅक्यूम नळी सैल होते. धूर सोडून गळती शोधणारं यंत्र असलेल्या माणसाकडे जा, अर्ध्या तासात सगळं उघडं पडतं. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी पद्धत आहे, ती आग लावायचीही पद्धत आहे.

रबर नवं झालं, की डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर बघा. या इंजिनात ते अगदी पुढे कॅमशाफ्टच्या टोकाला आहेत, पावसाळी हवेत आत ओल धरते. प्लग मूळ जातीचेच हवेत, रेझिस्टर नसलेले. एवढं करूनही हेलकावे राहिले, तर गेज लावून पेट्रोलचा दाब मोजा, साधारण ५.३ ते ५.५ बार मिळायला हवा. लाइन उघडण्यापूर्वी दाब काढून टाका, गाडी बंद असली तरी आत दाब धरून असतो. मिक्श्चरचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि मीटर लावूनच.

नवखा_चालक

मध्येच विचारतो, क्षमस्व. १२४चं इंजिनातलं वायरिंग आपोआप भुगा होतं असं ऐकलंय. मग जुनी_चाकं यांनी हार्नेस, म्हणजे वायरांचा सगळा जुडगाही बदलायचा का?

ओहमकार

नको. ती भानगड साधारण १९९२ ते ९५च्या गाड्यांची, एम१०४ आणि एम१११ इंजिनांची. त्या काळात वायरवरचं आवरण असं वापरलं गेलं की उष्णतेने ते ठिसूळ होऊन गळून पडतं. १९९०च्या एम१०३ला ती धास्ती नाही. १२४ घ्यायला निघालेल्यांनी मात्र ध्यानात ठेवा, नवी दिसते म्हणून शेवटच्या सालातली गाडी घ्याल आणि आधी हार्नेसच बदलावा लागेल.

वंगणबाई

स्टिअरिंग आणि ठक्ठक्, हा माझा प्रांत.

जुनी_चाकं, या गाडीला रॅक-पिनियन नाही, बॉलवाला स्टिअरिंग बॉक्स आहे. म्हणून मधोमध किंचित मोकळीक असणारच, नव्या गाडीची सवय असेल तर ती जास्त वाटते. पण ‘सारखं सावरावं लागतं’ हे काही किंचित नव्हे. लोक काय करतात, बॉक्सवरचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू आवळतात. त्याने मोकळीक लपते, बॉक्स मधोमध जड होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येईनासं होतं. तो स्क्रू शेवटी.

आधी गाडी चाकांवर उभी ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. हालचाल कुठे हरवते ते दिसेल. बॉक्सच्या विरुद्ध बाजूला आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा हात) असतो, त्याचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबरी अस्तर, हे या गाडीतलं सगळ्यात दुर्लक्षित रबर. क्षुल्लक सुटा भाग, आणि फरक असा की गाडी बदलल्यासारखी वाटते. त्यानंतर मधला लिंक रॉड, टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग डँपर.

मग खालच्या आर्मची बुशं आणि बॉल जॉइंट. इथे सावध. पुढची स्प्रिंग दाबायला या गाडीचं खास आतून लावायचं साधन लागतं, बाहेरून हुक अडकवणारी साधी क्लँप इथे चालत नाहीत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतेल. साधन नसेल तर हे काम बाहेर द्या, त्यात कमीपणा नाही.

मागे प्रत्येक चाकाला पाच-पाच लिंक. ‘ठक्’ बहुतेक त्यांतल्याच एखाद्या बुशातून किंवा सबफ्रेमच्या (मागची चाकं धरणाऱ्या चौकटीच्या) मोठ्या रबरांतून येतं. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून धक्का जाणवत असेल, तर सबफ्रेमची रबरं आणि प्रोपेलर शाफ्टच्या रबरी फ्लेक्स डिस्क दोन्ही बघा.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी इतकं टायपलं ती: बुशाचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते घासत नाही, पिळतं. चाक लोंबतं असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि नवं बुश काही महिन्यांत फाटतं. गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, दोन-चारदा दाबून हलवा, मग टॉर्क करा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. ‘नवीन टाकलेली बुशं टिकत नाहीत, माल खराब आहे’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

पॉलियुरेथेनची बुशं कुणी सुचवतीलच. रोजच्या गाडीत नकोत. थरथर केबिनमध्ये येते, आणि मागच्या लिंकना अनेक दिशांनी पिळ घ्यायचा असतो, तिथे ती अडतात. रबरच.

लो_प्रोफाईल

आलोच मी. ट्रॅकवर पॉलीशिवाय मजा नाही ताई.

वंगणबाई

ट्रॅकवर बरोबर. ते रोज कामाला जाणार आहेत.

जुनी_चाकं

कमाल आहे हो ही माहिती! वंगणताई, आयडलर आर्मचं बुश काढलं तेव्हा नुसत्या नळ्याच हातात आल्या, रबर नावालाच होतं. नवं टाकलं. शॉक, बॉल जॉइंट आणि मागचे लिंक मिळून केले, बोल्ट सगळे चाकांवर उभी करून आवळले. ठक् बंद. अलाइनमेंट बाकी आहे.

पानासाहेब, धुराच्या यंत्रात इंजेक्टरच्या दोन सीलमधून आणि तबकडीखालच्या बुटातून धूर निघाला. सगळी रबरं बदलली. आयडलिंग आता सुईसारखं स्थिर, स्क्रूला हात लावला नाही.

आता तरी व्हील्सबद्दल बोलू या का?

लो_प्रोफाईल

बोलू या! १८ इंची, २२५/४०. घेर जवळपास मूळइतकाच राहतो, स्पीडोमीटर चुकत नाही. मी स्वतः चालवतो.

पाना_सतरा

घेर बरोबर आहे, पण बाजूची उंची मोजा. मूळ १९५/६५ आर १५ टायरची भिंत सुमारे १२७ मिलिमीटर. तुमच्या २२५/४० आर १८ची ९०. जवळपास पावणेचार सेंटिमीटर रबर गेलं, ते खड्ड्यात कोण झेलणार? रिम. आणि रिमनंतर आत्ताच बदललेली बुशं. शिवाय व्हील जितकं मोठं तितकं बहुतेक वेळा जड, स्प्रिंगखालचं वजन वाढतं.

मधला मार्ग १६ इंची, २०५/५५ आर १६. भिंत ११३च्या आसपास, घेर मूळपेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी वेगळा, आणि या मापाचे टायर कुठेही मिळतात. दिसायलाही कमान भरलेली दिसते.

लो_प्रोफाईल

१६ला माझा विरोध नाही. पण मूळ डिझाइनची घ्या, चकाकणारी भलतीच नकोत. नंतरच्या डब्ल्यू२१० ई-क्लासची ७.५ इंच रुंदीची, ४१ मिलिमीटर ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे व्हीलच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर) १६ इंची छान बसतात. मूळची ६.५ रुंद आणि ४९ ऑफसेटची असतात, म्हणजे नवी बाहेरच्या अंगाला सुमारे दोन सेंटिमीटर जास्त येतील, कमान भरेल पण घासणार नाही. पाच बोल्ट, बोल्टचं वर्तुळ ११२ मिलिमीटरचं. मधलं भोक ६६.६ हवं. त्याच वर्तुळाची दुसऱ्या जर्मन गाड्यांची ५७.१ भोकाची व्हील्स हबवर चढतच नाहीत.

(पानासाहेबांशी सहमत झालो, तारीख लिहून ठेवा कुणीतरी.)

जुनी_चाकं

१६ ठरलं. आता दिवे. एलईडी बल्बवर काय म्हणणं?

ओहमकार

नको. तुमच्या दिव्यातला आरसा एच४ या हॅलोजन बल्बच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला आहे. एलईडीचे ठिपके नेमके त्या जागी, त्या आकारात नसतात. समोर पांढरंशुभ्र दिसतं, तुम्हाला वाटतं उजेड वाढला. प्रत्यक्षात समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि लांबचा रस्ता काळाच राहतो. बऱ्याच देशांत ते नियमातही बसत नाहीत.

मिणमिणण्याचं कारण वेगळं आहे. बल्बचा सगळा करंट जुन्या स्विचमधून आणि लांब, बारीक वायरमधून येतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या पिनांवर मोजा, बल्ब पेटलेला असताना. दोघांतला फरक हा तुमचा चोरीला गेलेला उजेड. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. एक व्होल्ट फार वाटत नाही, पण असा महाग पडतो.

उपाय: बॅटरीपासून फ्यूज लावलेली जाड वायर, दोन रिले, आणि जुन्या वायरने फक्त रिले चालवायचे. अर्थिंगही जाड आणि नवं. मूळ हार्नेस कापायचा नाही, बल्बच्या जुन्या सॉकेटमध्येच जोडणी खुपसायची, म्हणजे उद्या काढलं तर गाडी जशीच्या तशी. एक खोच: या गाडीत बल्ब गेल्याचा इशारा देणारं मॉड्यूल आहे, ते करंट बघून ठरवतं. रिले फार कमी करंट ओढतो, त्यामुळे बल्ब शाबूत असून डॅशबोर्डवर इशारा लागू शकतो. काहीजण चालवून घेतात, काहीजण समांतर रेझिस्टर लावतात. मी पहिल्यातला.

त्याआधी आरसे मात्र बघा. काळवंडले असतील तर कितीही व्होल्टेज द्या, उपयोग नाही.

मंदगती

वायपरचंही बघा हो. एकच हात, पण पुढे-मागे सरकत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, कोपऱ्यांपर्यंत. आतली यंत्रणा कोरडी पडली की कुरकुरते, मग मोटर दमते. उघडून जुनं सुकलेलं ग्रीस काढा आणि नवं भरा. एसीचा ब्लोअर तिथेच वायपरच्या खाली असतो, एका उघडण्यात दोन्ही कामं.

आणि गिअरबॉक्स. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये निघते म्हणून घाबरू नका, तो तसाच आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पहिला घेतो. गिअर झटका देऊन पडत असतील, तर बॉक्स उघडण्याआधी मॉड्युलेटरला (व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणाऱ्या भागाला) जाणारी व्हॅक्यूम नळी आणि तिच्या टोकांचे रबरी जोड बघा. आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर आणि गिअरचं तेल कमी, हे दोन्ही एकत्र असेल तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय, इंजिन ते तेल ओढून जाळतंय. तेल बदलताना टॉर्क कन्व्हर्टरचाही (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाच्या जोडणीचाही) बूच उघडा, नाहीतर बरंचसं जुनं तेल आतच राहतं.

जुनी_चाकं

झटके नाहीत, पण तेल कधी बदललंय देव जाणे. करून घेतो. एसीचं सांगा कुणीतरी. गॅस भरून चालेल का?

पाना_सतरा

कुठला गॅस? १९९०ची आहे, म्हणजे मूळची आर१२ या जुन्या गॅसवर. माँट्रियल करारामुळे विकसित देशांत आर१२चं उत्पादन १९९६पासून बंद आहे. कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर आर१३४ए या नंतरच्या गॅसचं लेबल किंवा नव्या तऱ्हेचे व्हॉल्व्ह आहेत का बघा, म्हणजे आधीच कुणी बदललंय का कळेल.

बदललं नसेल तर नुसता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. जुनं मिनरल तेल आर१३४एबरोबर नीट फिरत नाही, म्हणून यंत्रणा धुवून एस्टर तेल घालायचं. सगळे ओ-रिंग नवे, ड्रायर (ओल शोषणारा डबा) नवा, मग बराच वेळ व्हॅक्यूम धरून ठेवायचा. सुई हलली तर गळती शोधा, पुढे जाऊ नका. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरतात, जास्त भरला तर दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. कंडेन्सरसमोरचा इलेक्ट्रिक पंखा चालतोय ना, ते आधी बघा. गाडी उभी असताना गरम आणि पळताना गार, असं असेल तर संशय पंख्यावर.

गळती इव्हॅपोरेटरमध्ये (केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीत) निघू नये एवढीच प्रार्थना. त्यासाठी सगळा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. तसं झालंच तर एकदाच उघडा आणि हीटरचा कोअर, आतल्या झडपांचे व्हॅक्यूम पडदे, सगळं त्याच वेळी करा.

सरळरेषा

वाचतोय. खर्चाचं माझं मत तेच आहे, पण एक कबूल, ‘मिक्श्चरचा स्क्रू फिरवा’ म्हणणाऱ्याच्या हाती हे काम गेलं असतं तर गाडी आत्तापर्यंत विकायला निघाली असती. एक्झॉस्टचं काय ठरलं?

जुनी_चाकं

एक्झॉस्ट रद्द. सहा सिलिंडरचा मूळ आवाज ऐकू यायला लागलाय, तोच बरा वाटतो. त्याऐवजी ड्रायव्हरची सीट करतोय, आतलं केसाचं पॅड दबून गेलंय आणि एक स्प्रिंग तुटलीय. लांब अंतराला पाठ भरून येते.

१६ इंची व्हील्स मिळाली. आत्ता गाडीवर पोलादी व्हील्स आहेत, नवी अलॉय आहेत. जुनेच बोल्ट चालतील ना?

वंगणबाई

बघितल्याशिवाय लावू नका. पोलादी आणि अलॉय व्हील्सच्या बोल्टची लांबी वेगळी असते. आखूड पडला तर हबमध्ये पुरेसे आटे धरत नाही. लांब पडला तर पलीकडे निघून आत हँडब्रेकच्या भागांना लागू शकतो, मागच्या चाकांना तर विशेष बघा. बोल्ट एम१२, १.५च्या आट्याचे. डोकं गोलाकार बसणारं हवं, बाजारातले शंकूच्या आकाराचे कंपनीच्या व्हील्सना चालत नाहीत, टेकतात फक्त कडेवर.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, बोल्ट आधी हाताने फिरवून किती आटे जातात ते मोजा, मग ११० न्यूटन-मीटरने तिरप्या क्रमात आवळा. साधारण पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

आणि स्टेपनी पोलादीच राहणार असेल, तर तिचे पाच बोल्ट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा. पंक्चर झालं तर अलॉयचे लांब बोल्ट तिला लावता येणार नाहीत.